अब्बांची आलापल्ली: कॅमेरा न्यावा की मोबाइल?

अब्बांच्या लोखंडी पेटीत एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, कोपरे दुमडलेले. चोवीस वर्षांचे अब्बा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभे आहेत. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर तलाव आणि दोन बदके. फोटो उलटा केला की अब्बांच्या हातची उर्दू ओळ दिसते: 'आलापल्ली, दिसंबर 1974'. त्या वेळी ते एका लाकूड ठेकेदाराकडे मुनशी होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. त्याआधी हे सारे जंगल चंद्रपूर जिल्ह्यातच मोडायचे. अब्बांनी आलापल्लीत सहा वर्षे काढली आणि त्या सहा वर्षांचा हा एकच फोटो.

दुसरी गोष्ट सांगताना आजही जीव हळहळतो. आमच्या मरहूम अम्मीचे शेवटच्या तीन वर्षांतले फोटो शेकड्यांनी होते. ईदचे, भाचीच्या निकाहचे, अंगणात मेथी निवडतानाचे. सगळे एकाच मोबाइलमध्ये. एका पावसाळ्यात तो मोबाइल भिजला. शहरातल्या एका दुकानात दिला, त्यांनी उघडला आणि दोन दिवसांनी 'बोर्ड गेला' म्हणून परत हातात ठेवला. फोटो दुसरीकडे कुठेच उतरवून ठेवलेले नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीचा कागद शाबूत राहिला आणि चार वर्षांपूर्वीची अम्मी हातातून गेली.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत अब्बा म्हणाले, "एकदा आलापल्ली दाखवून आणा, पुढच्या वर्षी गुडघे चालतील न चालतील," तेव्हा गाडी, डबा, औषधे यांच्या आधी घरात एकच वाद सुरू झाला. फोटो कशाने काढायचे?

घरात दोन पर्याय होते. एक आमचा नेहमीचा मोबाइल, मधल्या किमतीचा, दोन वर्षे वापरलेला. दुसरा छोटा कॅमेरा, आखातात नोकरीला असलेल्या भाच्याने आणून दिलेला. खिशात मावणारा, तीसपट झूमचा, बटण दाबले की नळी लांब बाहेर येणारा. थोरली दहावीत आहे, ती मोबाइलच्या बाजूची. धाकटा सातवीत, तो कॅमेऱ्याच्या बाजूचा. आम्ही शिक्षक माणसे. म्हटले, दोन्ही घेऊ, प्रत्येक ठिकाणी दोन्हींनी काढू आणि घरी येऊन निकाल लावू.

अंधारी खोली

निघण्याच्या आदल्या रात्री धाकट्याने विचारले, "कॅमेरा शब्द अरबी आहे का?" असे म्हणणारे बरेच भेटतात, पण ते खरे नाही. शब्द लॅटिन, अर्थ खोली. आपण उर्दू-हिंदीत ज्याला कमरा म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचे मूळही तेच. तेव्हा कॅमेरा आणि कमरा हे भाऊ-भाऊ. मात्र त्या खोलीत प्रकाश काय करतो हे नीट समजावून सांगणारा माणूस अरबीत लिहिणारा होता. इब्न अल-हैसम, बसऱ्यात जन्मलेले, काहिऱ्यात राहिलेले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'किताब अल-मनाज़िर' लिहिले. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छिद्र पाडून, बाहेर दिवे मांडून, कोणत्या दिव्याचा ठिपका आत कुठे पडतो ते त्यांनी पाहिले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होतो, म्हणजे प्रकाश सरळ रेषेत येतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. मोबाइल असो की कॅमेरा, आत अजूनही तीच अंधारी खोली आहे. फरक छिद्राच्या आकाराचा आणि समोरच्या भिंतीचा. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजते.

रस्ता

चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो आणि मग आलापल्लीपर्यंत जंगल. पूर्वी या रस्त्याला लाकडाचे ट्रक असत, आता सूरजागडच्या लोहखनिजाचे असतात. रस्त्याकडेची झाडे लाल धुळीने माखलेली. अब्बा काच खाली करायला सांगत आणि आम्ही पुन्हा वर करत होतो.

इथे पहिला धडा मिळाला. धूळ कॅमेऱ्याचा मोठा शत्रू आहे. छोट्या कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर होते, धूळ तिच्यासोबत आत जाते आणि मग प्रत्येक फोटोत तोच डाग येतो. तो काढायला कॅमेरा खोलावा लागतो. मोबाइलला हलणारी नळी नाही. पण मोबाइलची खोड वेगळी: तो सतत हातात असतो, त्यामुळे काचेवर बोटांचे तेल बसते आणि फोटो धुरकट येतात. शर्टाच्या टोकाने नव्हे, चष्म्याच्या मऊ कापडाने पुसावे. आणि गाडीत थंड हवा सुरू असेल तर दमट हवेत उतरल्याबरोबर दोन्हींच्या काचांवर वाफ धरते. पाच मिनिटे थांबले की ती आपोआप जाते. घाईने पुसली की ओघळ राहतात.

डेपोच्या फाटकाशी

आलापल्ली हे मोठे गाव नाही, पण चौकात उभे राहिले की त्याचे महत्त्व कळते. एक रस्ता अहेरीला, एक एटापल्लीला, एक भामरागडला, एक सिरोंच्याला आणि आपण आलो तो आष्टीचा. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी-माडिया, बंगाली आणि आपली दखनी, सगळे कानावर पडते. इथला सागवान पूर्वीपासून नावाजलेला. लाकडाच्या धंद्यापायीच अनेक मुस्लिम घरे इकडे आली, अब्बांसारखे काही परत गेले, काही इथलेच झाले.

अब्बांना आधी लाकूड डेपो पाहायचा होता. फाटकातूनच त्यांचे डोळे थप्प्यांवर फिरू लागले. प्रत्येक लाकडाच्या तोंडावर हातोड्याचा ठप्पा, नंबर, लांबी, गोलाई. मुनशीचे काम हेच होते. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे, आले घनमाप. अब्बा एका लाकडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याची गोलाई सव्वा मीटर असेल." धाकटा जवळ जाऊन रंगवलेला आकडा वाचून आला. चार सेंटिमीटरचा फरक! पन्नास वर्षांनंतर, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या माणसाचा हा अंदाज. माशाअल्लाह!

धाकट्याने कॅमेरा काढला तसा फाटकावरचा माणूस लगेच पुढे आला. "पेपरवाले का? परवानगी आहे का?" त्याच वेळी दोन ट्रक ड्रायव्हर तिथेच मोबाइलने फोटो काढत होते, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. आम्ही अब्बांची ओळख सांगितली, आतल्या साहेबांना विचारले, त्यांनी हसून होकार दिला. पण लक्षात आले की कॅमेरा दिसला की माणसे सावध होतात. मोबाइल कोणाच्या नजरेतच भरत नाही. हा मोबाइलचा फायदा आहे आणि धोकासुद्धा, त्याबद्दल पुढे बोलू. या भागात एक नियम मात्र काटेकोर पाळावा. पोलीस ठाणी, सुरक्षा दलांचे तळ, नाके, जवान यांचे फोटो कशानेही काढू नयेत आणि मुलांना ते आधीच बजावून ठेवावे.

वनवैभव

दुसऱ्या दिवशी सकाळी भामरागडच्या रस्त्याने वनवैभव पाहायला गेलो. इंग्रजीत याला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात. जुन्या सागवानांचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा, ज्यावर कुऱ्हाड चालू दिलेली नाही. 2014 साली हे महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. रोपवनातला सागवान पाहिलेल्याला इथले झाड ओळखू येत नाही. बुंध्याला मिठी मारायला दोन माणसे लागावीत आणि पहिली फांदी पाहायला मान पूर्ण मागे टाकावी, अशी झाडे. खाली पायाशी सागाची मोठमोठी पाने, चालले की पापड मोडल्यासारखा आवाज. मधे ऐन, बिजा, बेहडा. अब्बा एकेकाची साल चाचपून नाव सांगत होते आणि थोरली वहीत उतरवून घेत होती.

इथे दोन्ही यंत्रांची खरी परीक्षा झाली. सकाळचे नऊ वाजले होते तरी झाडांखाली संध्याकाळ होती. धाकट्याने कॅमेऱ्याने वरच्या फांदीवरचा पक्षी झूम करून टिपला, पण फोटो हललेला आणि दाणेदार. कारण सोपे आहे. मोबाइलच्या भिंगाचे तोंड मोठे असते, कंपन्या त्याला एफ 1.8 वगैरे म्हणतात. छोट्या कॅमेऱ्याची नळी पूर्ण बाहेर आली की हाच आकडा एफ 6.3 च्या आसपास जातो. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. हिशेब केला तर आत येणारा प्रकाश सुमारे बारापट कमी होतो. शिवाय झूममध्ये हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन दिसते. त्यात आणखी एक गोष्ट: अशा कॅमेऱ्याच्या आतली 'भिंत', म्हणजे सेन्सर, साधारण सहा मिलिमीटर रुंद असतो. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये तेवढाच किंवा त्याहून मोठा सेन्सर बसवलेला असतो. कॅमेरा म्हटले की आत काहीतरी मोठे असणारच, हा समज आता खरा राहिलेला नाही. एक इंची म्हणवणाऱ्या सेन्सरचे भारी छोटे कॅमेरे आहेत, ते उत्तम असतात, पण त्यांची किंमत चांगल्या मोबाइलपेक्षा कमी नसते.

मोबाइलने हेच दृश्य उजळ आणि स्वच्छ दिले. तो एका दाबात अनेक फोटो घेतो आणि जोडून एक करतो. म्हणूनच त्याच्यासमोर माणूस स्थिर हवा. धावणारे मूल असेल तर जोडताना त्याचा हात धुक्यासारखा पुसट होतो.

उंच झाडाचा फोटो काढायची एक युक्ती आम्ही तिथेच शिकलो. झाडाच्या बुडाशी उभे राहून मोबाइल वर केला तर झाड मागे कलंडल्यासारखे दिसते आणि उंची हरवते. वीस-पंचवीस पावले मागे जावे आणि बुंध्याशी एका माणसाला उभे करावे. माणूस दिसला की झाड आपोआप उंच होते. आम्ही अब्बांना उभे केले.

आणि इथेच मोबाइल हरला. अब्बा स्टुडिओच्या काळातले. समोर मोबाइल धरला की ते हात सरळ खाली सोडतात, हनुवटी वर, चेहरा दगड. थोरलीने दहा फोटो काढले, दहाही त्या 1974 च्या फोटोसारखे, फक्त केस पांढरे. शेवटी त्या "झाले, झाले" म्हणत दूर गेल्या. धाकटा मात्र मागे बराच लांब, उजेडाच्या एका पट्ट्याजवळ बसून होता. आता आपल्याकडे कोणी पाहत नाही असे वाटून अब्बांनी तळहात झाडाला टेकवला आणि मान वर करून शेंड्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडले होते. धाकट्याने लांबूनच झूम करून तो क्षण घेतला. आमच्या दोन दिवसांच्या साडेचारशे फोटोंमधला हा सर्वांत चांगला. मोबाइलने तेवढ्या अंतरावरून अब्बा अंगठ्याएवढे आले असते. बोटांनी ताणून मोठे केले असते तर चेहरा विरला असता. मोबाइलमधला बहुतेक झूम म्हणजे असलेलाच फोटो कापून मोठा केलेला असतो.

विचारून काढावा

परतताना रस्त्याकडेला एका पाड्याजवळ गाडी थांबवली. एक माडिया आजी मोठ्या टोपलीत काहीतरी घेऊन बसली होती. गळ्यात मण्यांच्या माळा, चेहऱ्यावर गोंदण. थोरलीने मोबाइल वर केला आणि अब्बांनी तिचा हात धरला. "आधी विचार."

अब्बांना ही सवय त्यांच्या अम्मीने, म्हणजे आमच्या दादीने लावलेली. दादीने उभ्या आयुष्यात फोटो काढू दिला नाही. फोटोबद्दल आपल्याकडे वडीलधाऱ्यांमध्ये आणि आलिमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. आम्ही त्या वादात जात नाही. पण दादीची इच्छा घरातल्या प्रत्येकाने पाळली, अगदी लपूनसुद्धा कोणी फोटो काढला नाही. आपल्या घरातल्या बाईची मर्जी आपण जपतो, तर रस्त्यावरच्या आजीची का नको? ती आदिवासी आहे, तिचा फोटो 'छान' येईल, म्हणून तिची मर्जी कमी होत नाही. मोबाइल कोणाच्या नजरेत भरत नाही, हा धोका म्हणजे तो हाच.

ड्रायव्हरने आजीला तिच्या बोलीत विचारले. ती आधी नाही म्हणाली, मग नातवाला हाक मारली आणि त्याचा काढा म्हणाली. नातू दात काढून हसला. फोटो मोबाइलवर त्याला दाखवला, तसा तो पळत आत गेला आणि दोन बहिणींना घेऊन आला. आजीने विचारले, "कागदावर देणार का?" आम्ही हो म्हटले. ती कबुली पुढे आमच्या मानेवर बसली, तेही सांगतो.

इथे एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. प्राणहितेच्या पलीकडे आदिलाबाद भागात 1940 च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे अभ्यासक राज गोंडांमध्ये राहिले. निजामाच्या राज्याचा तो काळ. त्यांनी काढलेले हजारो फोटो लंडनच्या सोआस या संस्थेत जपून ठेवले आहेत. आज कोणाला पणजोबांच्या काळचा गोंड पाडा पाहायचा असेल तर तो तिथे सापडतो. त्यांचा कॅमेरा आजच्या मोबाइलपुढे काहीच नव्हता. पण काढलेले जपले गेले, म्हणून ते आज आहेत.

नदी आणि रात्र

दुपारनंतर जवळच्या अहेरीला प्राणहितेवर गेलो. पलीकडचा तीर तेलंगणाचा. पात्रातल्या खडकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. लख्ख ऊन, भरपूर प्रकाश. इथे छोट्या कॅमेऱ्याने कमाल केली. पंखाचे एकेक पीस मोजावे असा फोटो आला. मोबाइलमध्ये तोच पाणकावळा म्हणजे खडकावरचा काळा ठिपका. तेव्हा ज्याला पक्ष्यांचा नाद आहे, ज्याच्या मुली शाळेच्या मैदानावर लांबून धावताना दिसतात, त्याने झूमचा कॅमेरा बिनधास्त घ्यावा. उन्हात तो पैसे वसूल करून देतो. उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काहीच दिसेनासे होते तेव्हा हातांची ओंजळ करून सावली करावी, एवढेच हाती असते. अर्थात ज्या छोट्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायची खिडकी नाही, त्याचीही तीच गत.

असरची नमाज नदीकाठी पढून आलापल्लीला परतलो. मुक्काम अब्बांच्या जुन्या दोस्ताकडे होता. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. ठेकेदाराकडे अब्बा मुनशी, तर चाचा ट्रकवर. चाचीने बगारा खाना आणि दालचा केला होता. जेवण झाले आणि वीज गेली. अंगणात एक छोटा कंदील, दोन खाटा, त्यावर दोन म्हातारे. पावसाळ्यात नाले फुगले की ट्रक आठ-आठ दिवस कसे अडकून पडायचे, हिवतापाने एकाच वेळी सगळा डेरा कसा आडवा झाला होता, अब्बांच्या वाट्याचे कुनैन चाचांनी कसे गुपचूप कॉफीत घालून पाजले होते, एकेक निघत गेले. चाचा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "मुनशीजी, भाभी एकदा इथे यायला हवी होती." अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

धाकट्याचा कॅमेरा त्या उजेडात आंधळा झाला. फ्लॅश टाकला असता तर ती रात्रच मोडली असती. थोरलीने मोबाइल भिंतीला टेकवून, आवाज बंद करून फोटो घेतला. कंदिलाचा पिवळा उजेड, दोन पांढऱ्या दाढ्या, गुडघ्यावरचा हात. सगळे आले.

निकाल

घरी येऊन रविवारी दुपारी सगळे बसलो. तीसेक फोटो बाजूला काढले, त्यातले बावीस मोबाइलचे, आठ कॅमेऱ्याचे. जगातही हेच झाले आहे. 2010 मध्ये जगभरच्या कंपन्यांनी बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, त्यातले बहुतेक छोटे. पुढच्या दहा-बारा वर्षांत छोटे कॅमेरे जवळजवळ नाहीसे झाले, कारण त्यांचे रोजचे काम मोबाइलने उचलले.

आमचे मत विचाराल तर, रोजच्या घरगुती फोटोंसाठी नवा छोटा कॅमेरा विकत घेऊ नये. तेच पैसे वाचवून ठेवावेत किंवा मोबाइल बदलायची वेळ आलीच तर त्यात घालावेत. घरातल्या, सांजवेळच्या, अचानकच्या फोटोंना मोबाइल सरस आहे. चेहरा काढताना तो फार जवळ धरू नये, नाक मोठे दिसते. दोन पावले मागे सरून दुप्पट झूमवर काढावा. पक्षी, खेळ, लांबून टिपायचे चेहरे यांचा शौक असेल तरच झूमचा कॅमेरा. घरात जुना पडलेला असेल तर मुलाच्या हाती द्यावा. आमचा धाकटा तीनशे फोटो न काढता बसून एक काढायला त्याच कॅमेऱ्याने शिकला.

पण अम्मीचे फोटो गेले ते मोबाइल वाईट होता म्हणून नव्हे. ते कोणी उतरवून ठेवले नाहीत म्हणून गेले, आणि ती चूक आमची. कॅमेऱ्यात असते तर कार्ड कदाचित वाचले असते, पण कार्डही हरवते. आलापल्लीच्या पुढे तर नेटवर्कचाच भरवसा नाही. फोटो आपोआप इंटरनेटवर चढतील या आशेवर राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्या रविवारी आम्ही घरासाठी चार नियम केले. महिन्यातून एकदा सगळे फोटो मोबाइलमधून दोन वेगळ्या जागी उतरवायचे, एक घरी, एक नातेवाइकाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत ही मूळ प्रत समजायची नाही, कारण पाठवताना फोटो लहान होतो. मूळ हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचे. नको ते फोटो त्याच आठवड्यात पुसायचे. आणि दर महिन्याला निदान दहा फोटो कागदावर काढायचे. सहा बाय चार इंचांच्या छान प्रिंटला बावीस लाख पिक्सेल, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. जाहिरातीतल्या मोठमोठ्या आकड्यांचा आपल्या अल्बमशी संबंध नाही.

तीस फोटो छापून आणले. बॉलपेनची खूण पुढे उमटते, म्हणून मऊ पेन्सिलने मागच्या कडेला नाव, गाव, तारीख लिहायची ठरवली. अब्बांनी प्रत्येक फोटोमागे उर्दूत लिहिले, त्याखाली थोरलीने मराठीत. पन्नास वर्षांनी आमच्या घरात कोण कोणती लिपी वाचत असेल, कोणास ठाऊक! दोन्ही असलेल्या बऱ्या. झाडाला हात टेकवलेल्या फोटोमागे अब्बांनी फक्त 'आलापल्ली' लिहिले आणि तारीख. मग क्षणभर थांबून, 'फोटो: छोटे मियाँ'.

त्या पाड्यावरच्या नातवाचे आणि त्याच्या बहिणींचे तीन फोटो वेगळ्या लिफाफ्यात घातले आणि चाचांकडे पाठवले. पंधरा दिवसांनी चाचांचा फोन आला. लिफाफा पोहोचला होता. आजीने फोटो घराच्या आत, कुडाच्या फटीत खोवून ठेवले आहेत. "आणि," चाचा म्हणाले, "तिने विचारले आहे, पुढच्या वेळी येतील तेव्हा माझा काढतील का?"

अब्बा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "सांग त्यांना, इन्शाअल्लाह येऊ."